‘हाडं फुटतस’

परिचर्येतील एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या आयांचा अनुभव हा विषय घेतला, तेव्हा पद्धत फेनॉमेनॉलॉजीचीच, म्हणजे अनुभव तो जगणाऱ्याच्या नजरेतून समजून घेण्याची, असणार हे ठरलेले होते. कारण वेदना ० ते १० या पट्टीवर नोंदवता येते, पण दुखणाऱ्या मुलाच्या उशाशी रात्र काढणे म्हणजे काय, हे त्या आकड्यातून कळत नाही.

या विचाराचा पाया घालणारे तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांच्या मते संशोधकाने आपली गृहीतके काही काळ बाजूला ठेवायची असतात. वॉर्डात वर्षे काढलेल्या सिस्टरला हे किती जड जाते, ते धुळे जिल्ह्यातल्या माझ्या पहिल्याच मुलाखतीत समजले. थंडीने आणि शरीरातले पाणी कमी झाल्याने वेदनेचा झटका येऊ शकतो, हे मला ठाऊक होते. म्हणून मी विचारले, ‘ताई, थंडीत त्रास वाढतो का?’ त्या हो म्हणाल्या. घरी ध्वनिमुद्रण ऐकताना लक्षात आले की, त्यांच्या होकारांसह माझेच पाठ्यपुस्तक मला परत मिळाले होते.

पुढच्या भेटीत ‘मागच्या खेपेची ती रात्र सांगा’ एवढेच म्हणून मी गप्प बसले. वडिलांना पहाटे मजुरीला जायचे असते, म्हणून मुलगा गोधडी दातांत धरून रडणे दाबतो, आणि त्याचा आवाज येत नाही म्हणूनच आपल्याला जाग येते, असे त्यांनी सांगितले. ‘हाडं फुटतस,’ त्या अहिराणीत म्हणाल्या. मी वहीत ‘तीव्र हाडदुखी’ असे उतरवले, आणि माझी सर्वांत मोठी चूक तीच होती. फुटणे म्हणजे कसे, असे नंतर विचारले तेव्हा त्यांनी कपाशीच्या बोंडाकडे बोट दाखवले: आतून, हळूहळू, कोणी हात न लावता. प्रमाण मराठीत उतरवताना हा सगळा अर्थ मी विश्लेषणाआधीच पुसून टाकला होता. तेव्हापासून मूळ अहिराणी वाक्ये मी शेवटपर्यंत तशीच ठेवते आणि मुलाखतीला निघण्यापूर्वी मला कोणते उत्तर अपेक्षित आहे, ते वेगळ्या वहीत लिहून काढते. गृहीतके पूर्णपणे बाजूला ठेवता येत नाहीत, जगाचा अर्थ लावतच आपण जगात असतो, हे तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांचे म्हणणे मला पटते. तरीही ती वही हवी, कारण आपले काय आणि ताईंचे काय, हे निदान त्यात दिसते.

मुलाखतींच्या विश्लेषणासाठी कोलैझी यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सात पायऱ्यांच्या पद्धतीत अखेरीस निष्कर्ष घेऊन सहभागी व्यक्तींकडे परत जायचे असते. याच परंपरेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्जी यांना हे मान्य नव्हते. अनुभव सांगणारी व्यक्ती रोजच्या जगण्याच्या भूमिकेतून बोलते, विश्लेषणाच्या नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. तो मला समजतो, पण मी परत गेले. ‘असहाय्यता’ हे मुलाखतींतून मी काढलेले सूत्र वाचून दाखवले, तेव्हा ताईंनी नकारार्थी मान हलवली. रात्रभर पाणी पाजणे, पाय चोळणे, त्याला गोष्टी सांगणे, हे सगळे त्या करत होत्या. ‘सिस्टर, मी रिकामी बसत नव्हते,’ त्या म्हणाल्या, आणि मी ते सूत्र खोडले.