सर घरीही चुका काढायचे का?

बाबांचे जुने विद्यार्थी भेटले की पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. "सर घरीही तुमच्या चुका काढायचे का हो?" लाल शाईने रंगलेली स्वतःची वही त्यांना आठवत असते. आजवर मी हसून वेळ मारून नेली. परवा एकीने पिच्छाच पुरवला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

नाही काढायचे. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

लाल पेन घरी यायचं ते पेपरांच्या गठ्ठ्याबरोबर. रात्री जेवणं झाली की बाबा भिंतीला टेकून बसत. एका गुडघ्यावर गठ्ठा, दुसऱ्या मांडीवर धाकट्या भावाचं डोकं. त्याला दुसरीकडे कुठे झोपच लागायची नाही. पायाला मुंग्या आल्या तरी बाबा हलत नसत; मार्क देता देता पेनाच्या हातानेच त्याचे केस सारखे करत. त्याच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरवर लाल ठिपके असायचे आणि त्यावरून आईची बोलणी बाबा निमूट ऐकून घ्यायचे. मी एखादा शब्द दाखवून "हे बरोबर आहे का?" विचारलं, तर म्हणायचे, "उद्या तुझ्या बाईंना विचार." मराठी शिकवणारा बाप असून काय उपयोग, असं वाटून राग यायचा.

पुढे मी वसतिगृहात गेले आणि पत्रं सुरू झाली. 'परिक्षा जवळ आली', 'इथे अभ्यासाचं महत्व कुणालाच नाही', असलं काहीबाही मी लिहायची. उत्तर यायचं: 'परीक्षेची धास्ती घेऊ नकोस. चिरंजीवांना हल्ली आंघोळीचं महत्त्व पटलं आहे.' एकदा मी 'उज्वल भविष्य' लिहिलं, तर बाबांच्या पत्रात 'सकाळी खिडकीतून उज्ज्वल ऊन आलं होतं'! उन्हाला कुणी उज्ज्वल म्हणतं का? बाबा भलतंच अलंकारिक लिहायला लागले, असं मी मैत्रिणींना सांगितल्याचंही आठवतं.

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात माझी पत्रं सापडली. माझ्याकडच्या त्यांच्या पत्रांशेजारी ती तारखेने लावली, तेव्हा उलगडा झाला. माझ्या प्रत्येक चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा बारीकसा ठिपका होता आणि पुढच्या पत्रात तोच शब्द, बरोबर लिहिलेला. महत् ला त्व लागला की त दोनदा येतो, उत् आणि ज्वल जोडले की ज दोनदा. फळ्यावर हे त्यांनी किती मुलांना सांगितलं असेल. मला कधीच सांगितलं नाही, पण बिचाऱ्या उन्हाला कामाला लावलं.

त्याच कपाटात आईला लिहिलेली पत्रंही होती आणि त्यांनी मला जास्त चकवलं. बाबा स्वतः जुन्या पद्धतीचं मराठी शिकलेले: नांव, पांच, गेलों, करूं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम आले आणि उच्चार होत नाही ते अनुस्वार गेले. १९७२ मध्ये ४ नियमांची भर पडली. ते १८ नियम बाबांना क्रमांकासकट पाठ होते. वहीत एखादं जादा टिंब दिसलं की अर्धा मार्क कापायचे. त्यांच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि आईला मात्र, पेपर तपासायला परगावी गेल्यावर, हे लिहीत होते: 'सुखरूप पोंचलों. मुलें जेवलीं का? औषध वेळेवर घ्यावें, काळजी करूं नये.' तीन ओळींत सहा टिंबं. नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं पत्रही असंच. त्यांच्याच हिशेबाने तीन मार्क गेले.

हे मी आईला सांगितलं तर तिला काही नवल वाटलं नाही. चष्मा सापडत नव्हता, म्हणून म्हणाली, तूच वाच. मी सगळी टिंबं नाकात घोळवत 'मुलें जेवलीं का' वाचलं. आई हसायलाच लागली.

"अगं, ते वाचायचं नसतं, नुसतं लिहायचं असतं," ती म्हणाली. "हं, पुढे? औषधाचं काय म्हणतायत?"