रेघ कोणी ओढली?

डिसेंबर २०२४ मध्ये शंभर दिवसांची टीबी मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या कॅम्पला हातात धरायचं एक्स-रे मशीन आलं. बॅटरीवर चालणारं. फोटो निघाला की लॅपटॉपवरचं एआय मिनिटाच्या आत फुप्फुसं बघून शंभरपैकी गुण देतं आणि संशयाच्या जागी रंग भरतं. डॉक्टरने फिल्म वाचायच्या ऐवजी असं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच, पंधरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठी, हिरवा कंदील दाखवला आहे. मशीन रेडिओलॉजिस्टची जागा घेणार का, ही चर्चा आमच्याकडे कधी रंगलीच नाही. जागा आधीपासून रिकामीच होती.

पन्नास किंवा वर गुण आले की थुंकीचा नमुना घ्यायचा. खाली आले आणि खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यातलं काही नसेल, तर घरी जा. रांग भराभर सरकत होती.

दुपारी एक निवृत्त गुरुजी आले. तब्येत ठणठणीत, तक्रार काही नाही. गुण ४६.

"म्हणजे मला नाही ना?"

"मशीन म्हणतंय तसं."

"पन्नासला आहे आणि शेहेचाळीसला नाही? ही रेघ मशीनने ओढली?"

नाही, ती आम्ही ओढलेली होती. सॉफ्टवेअर फक्त गुण देतं. संशय कुठून सुरू होतो हे कार्यक्रम चालवणारे ठरवतात. रेघ खाली आणली तर सुटणारे रुग्ण कमी होतात, पण निरोगी माणसांच्या तपासण्या वाढतात. तपासणी म्हणजे ट्रूनॅट, थुंकीत टीबीचे जंतू शोधणारं मशीन. ते मशीन गोव्यात बनतं, दर नमुन्याला एक चिप लागते, आणि चिपा मोजून मिळतात. आमची पन्नासची रेघ बरीचशी त्या चिपांच्या खोक्यावरून आली होती. गुरुजींना मी हे सगळं सांगितलं. रांगेतल्या दोघातिघांनी कान टवकारले.

गुरुजी म्हणाले, "आमच्याकडे चौतिसावर पोरगं अडकलं की मी पेपर पुन्हा काढून बसायचो, मॅडम. कुठे एखादा मार्क सुटलाय का बघायला."

मग मीही बसले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पुसट डाग होता. एआयलाही तो दिसला होता, तिथे फिकट पिवळा रंग होता. जुना व्रणही असू शकतो. बऱ्या झालेल्या टीबीच्या खुणांनीही गुण वाढतात. पूर्वी आजार झाल्याचं गुरुजींना आठवत नव्हतं. मी नमुना पाठवला.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. एआयचे गुण चुकले नव्हते, रेघही चुकली नव्हती. तोच फोटो पुन्हा समोर आला तरी मी नमुना पाठवीनच. एखाद्याला 'घरी जा' म्हणायचं तर का, हे त्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे, आणि 'मशीन म्हणतंय' हे मला त्या दिवशी पुरेसं वाटेना.

आढावा बैठकीत विचारणा झालीच: पन्नासच्या खालचा नमुना का? मी गुरुजींचा प्रश्न जसाच्या तसा मांडला. मग रेघ ४५ वर आणायची का यावर बरीच खडाजंगी झाली. किती जणांना परत बोलवावं लागेल, चिपा किती लागतील, लॅब टेक्निशियन एकटाच आहे, सगळं निघालं. शेवटी पन्नासच राहिली. इतिवृत्तात तसा ठराव नोंदवला गेला आणि खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.