आधी खाऊन घे, मग वाढ

‘स्वतःच्या मनासारखं जगा’ म्हणणारे रील्स हल्ली बायकांना फार दिसतात, आणि त्यातली बाई बहुतेक वेळा एकटी मनालीला गेलेली असते. जावं की, कोणाची ना नाही. पण मला मात्र अशा वेळी धुळ्याकडची आमची मोठी मामी आठवते, जी नाशिकच्या पुढे फारशी गेलेली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे होतात आमच्याकडे. कणीक मऊसूत होईपर्यंत ताणायची, आपटायची, आत पुरण भरायचं, मग तो गोळा दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि उलट्या खापरावर अलगद टाकायचा, धग तोंडावर येत असते, कपाळाचा घाम पुसायला हात मोकळा नसतो. आणि हे सगळं करणारी बाई शेवटी गार झालेला, कडक झालेला तुकडा खाते हा आमच्याकडचा अलिखित नियम. मामी नैवेद्याचं पान बाजूला काढते आणि पुढचा मांडा स्वतः घेते, वाटीभर आमरसासोबत, तिथेच चुलीपाशी बसून. सासूबाई होत्या तेव्हाही. कोणी बोललंच तर म्हणायची, "गरम शे तवलगच चव शे, मंग काय शे?" भांडण नाही, भाषण नाही. बाहेर पंगत बसलीय तर बसू दे पाच मिनिटं.

आपल्या खान्देशात हे काही नवीन नाही म्हणा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीत वैधव्य आलं, शेतात आणि जात्यावर काम करता करता ओव्या सुचत गेल्या आणि त्या म्हणत गेल्या. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं 1952 मध्ये, म्हणजे छापलेलं त्यांनी पाहिलंच नाही. कोणी वाहवा करेल म्हणून नाही, आतून येत होतं म्हणून. आता लाइक मोजणाऱ्या आपल्याला हे जरा अवघडच जातं.

मामीचा खरा कस मात्र मांड्यात नाही, सातबाऱ्यात लागला. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, पण गावोगाव अजून काय होतं तर बहिणीला बोलवायचं, साडी-चोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. बहीण पण देते, कारण माहेर तुटेल ही भीती. मामीने सही केली नाही. म्हणाली, देण्यासारखं वाटलं असतं तर हसत दिलं असतं, मनात नसताना देऊन वर्षभर कुढत बसणार नाही. झालं, पुढच्या आखाजीला माहेरी न्यायला येणारा मुराळी आलाच नाही. रडली ती, नाही असं नाही. भावांची आठवण काढून अजूनही डोळे भरतात तिचे, हे रील्समध्ये कोणी दाखवत नाही की मनासारखं वागल्याचंही बिल येतं.

आणि उलट बाजूही सांगते. तिचीच धाकटी जाऊ, तिने खरंच मनापासून हक्क सोडला, भावाची परिस्थिती बघून, कोणी न मागता. वटपौर्णिमेचा कडक उपास करते, मामी करत नाही, दोघी मजेत राहतात. मला आधी वाटायचं यातली एक मॉडर्न आणि एक जुनी, पण तसं काही नाहीये, दोघींनाही विचारा का गं असं करतेस, तर उत्तर तयार असतं आणि त्या उत्तरात ‘लोक काय म्हणतील’ कुठेच नसतं. माझ्या अर्ध्या निर्णयांमध्ये ते असतं, अगदी सोफ्याच्या कव्हरच्या रंगातसुद्धा.

मुराळी येईना तेव्हा मामीने सासरच्याच निंबाला झोका बांधून घेतला. आता गल्लीतल्या, माहेरी न गेलेल्या सगळ्या सुना आखाजीला तिच्याकडे येतात, गाणी म्हणतात, धिंगाणा घालतात. पहिला झोका मामीचा, वजन ऐंशीच्या घरात, फांदी करकरते, आणि नातवंडं खाली लायनीत उभी राहून ओरडत असतात, आजी उतर ना आता!