लहान मुलांच्या स्वादुपिंडातली गाठ

खानापूर, निपाणीकडे पोरगं पोट धरून बसलं की आधी जंताचं औषध दिलं जातं. पण पोटात हाताला घट्ट गाठ लागत असेल तर थांबू नका, त्याच आठवड्यात सोनोग्राफी कराच.

गाठ स्वादुपिंडाची वाटली तर कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय, आणि रक्तातलं एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, काही गाठींत वाढणारं प्रथिन) तपासायचं. पॅन्क्रिएटोब्लास्टोमा हा स्वादुपिंडाचा दुर्मिळ कर्करोग बहुधा १० वर्षांखालच्या मुलांत होतो आणि त्यात एएफपी बरेचदा वाढतं. तान्ह्या बाळात मात्र ते मुळातच जास्त असतं, वयाचा तक्ता पाहूनच अर्थ लावायचा. किशोरवयीन मुलींत बहुतेकदा वेगळीच, सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ निघते. ती पूर्ण काढली की केमो सहसा लागत नाही आणि बहुतांश मुली बऱ्या होतात. हे आईवडिलांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं!

पॅन्क्रिएटोब्लास्टोमा मोठा असेल तर सिस्प्लॅटिन आणि डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधांनी आधी लहान करतात, मग शस्त्रक्रिया. सिस्प्लॅटिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं, डॉक्सोरुबिसिनने हृदयाला इजा. म्हणून श्रवणचाचणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) सुरुवातीलाच. गाठीसोबत प्लीहाही काढायची असेल तर न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल लसी शक्यतो २ आठवडे आधी. शस्त्रक्रियेनंतर शौच तेलकट होऊन वजन घटू लागलं तर पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात; त्या जेवणासोबतच द्यायच्या, उपाशीपोटी नाही.