छोटी लोहभट्टी, चौथी खेप: चुना नाही, वाळू

भट्टी तीच: आतला व्यास २८ सेंमी, उंची १ मीटर, हवेची नळी तळापासून १८ सेंमीवर आणि १५ अंश खाली कललेली, हवा मिनिटाला साधारण ८०० लिटर. बदल फक्त मळीच्या (खनिजातली घाण वितळून वेगळी होते ती, स्लॅग) हिशेबात.

तिसऱ्या खेपेत हेमॅटाइट हे लोहखनिज (लोह ६२ टक्के, सिलिका म्हणजे वाळूतला मुख्य घटक ४ टक्के) तसंच टाकलं होतं. मळी इतकी कमी झाली की लोखंडाच्या गोळ्याला पांघरूणच मिळालं नाही. नळीसमोरचं लोखंड पुन्हा जळून ऑक्साइड झालं, बाकीचं कार्बन पिऊन बिडासारखं ठिसूळ.

अशा वेळी चुनखडी आठवते, पण ती झोतभट्टीची सवय. तिथली चुन्याची मळी १४००-१५०० अंशांना वाहते. आपल्या १२००-१३०० अंशांत चुना जास्त झाला की ती घट्ट बसते. इथे फ्लक्स, म्हणजे मळी पातळ करणारा पदार्थ, लोखंडाचंच ऑक्साइड. फेरस ऑक्साइड आणि सिलिका मिळून फायलाइट बनतं, ते १२०० अंशांच्या आसपास वितळतं. त्याची किंमत लोखंडात मोजायची: १ किलो सिलिका सुमारे १.९ किलो लोह खाते.

म्हणून १२ किलो खनिजाला ६०० ग्रॅम वाळू. गारेची (क्वार्ट्झची) पांढरीच हवी. दख्खनच्या नद्यांची काळी वाळू बहुतेक बेसाल्टचा चुरा असते. एकूण सिलिका १.०८ किलो, म्हणजे ७.४ किलो लोहातलं २ किलो मळीत गेलंच समजा. भिंतीची माती वितळून आणखी थोडं खाते.

खनिज लाल होईपर्यंत भाजून हरभऱ्याएवढं फोडलं. दर थराला १ किलो खनिज, ५० ग्रॅम वाळू, १ किलो कोळसा. नळीचं भोक अंधारू लागलं की मळी चढली, लगेच खालचं तोंड फोडायचं. ती कोरड्या वाळूवरच सोडा. ओल असेल तर वाफेने उडते.

यावेळी मळी काकवीसारखी वाहिली: काळी, जड, वरून दोरखंडासारखी वळलेली. हिरवट, काचेसारखी, हलकी निघाली तर सिलिका जास्त किंवा भट्टी फार तापलेली. लोहचुंबकाला जोरात चिकटली तर खनिज घाईने खाली उतरलंय. हवा थोडी कमी करा, थर लहान करा.

पुढची खेप जांभ्याची. महाबळेश्वरकडचे धावड त्यातूनच लोखंड काढत. त्यात अ‍ॅल्युमिना बरंच, मळी दाटणार. तिथे मात्र मूठभर चुना घालून बघायचाय. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू नको, इल्मेनाइटमधलं टायटॅनियम मळीत राहून तिला चिखल करतं.