दहावीनंतर माझगाव डॉकला ॲप्रेंटिस: माझा अनुभव

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, सायन्स की कॉमर्स. आमच्याकडे काकांनी मध्येच ॲप्रेंटिसची जाहिरात आणून दिली आणि पप्पा म्हणाले भरून ठेव फॉर्म, पुढचं पुढे बघू. बऱ्याच जणांना वाटतं माझगाव डॉक (मुंबईतली जहाजं बांधणारी सरकारी कंपनी) म्हणजे आयटीआय झालेलाच पाहिजे, पण तसं नाहीये, तीन ग्रुप असतात, ए ला नुसती दहावी चालते (वय 15 ते 19), बी ला आयटीआयवाले आणि सी ला आठवी पास. मी ए मधून, ट्रेड पाइप फिटर.

आधी ऑनलाइन परीक्षा, मग मेरिट लिस्ट, कागदपत्रं, मेडिकल. परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, गणित आणि सायन्स दहावीचं पक्कं असलं की निम्मं काम झालं. खरी गंमत कागदपत्रांची. मार्कशीटवर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग, असं असेल तर जाहिरात यायच्या आधीच नीट करून घ्या, रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलाचं तोंड बघवत नव्हतं. मी 18 ची नव्हते म्हणून करारावर पप्पांची सही लागली.

आता पैशांचं, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. माझ्या वेळी सुरुवातीचे 3 महिने 3000, मग वर्ष संपेपर्यंत 6000 आणि दुसऱ्या वर्षी 6600 महिना. हा पगार नाही, स्टायपेंड. कायद्याने आपण कामगार नाही, शिकाऊ असतो, आणि ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायलाच पाहिजे असं कंपनीवर बंधन नसतं. हे आईला समजवायला मला लय वेळ लागला, ती शेजारी सांगून बसलेली पोरगी सरकारी नोकरीला लागली म्हणून!

सुरुवातीला पाइपला हात पण लागत नाही, व्हाइसमध्ये (घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) लोखंडाचा तुकडा धरायचा आणि कानस मारत बसायचं, साइज आली की सर व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून बघणार आणि परत करायला लावणार. हातांची साल निघते, मग सवय होते. सोबत थिअरी, वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंगचे क्लास. पोरांना क्लासमध्ये झोप यायची, मला पण यायची खरं सांगायचं तर, पण आयसोमेट्रिक ड्रॉइंग (तिन्ही दिशा एकाच चित्रात दाखवणारं) चालू झालं तेव्हा झोप उडाली, कारण कागदावर तिरक्या रेघा आहेत त्यातली कुठली वर जाते, कुठली उजवीकडे वळते हे कळलं नाही तर पाइप कापणार कशावरून. आणि कापताना एल्बोची (पाइप वळवायला जोडतात तो कोपरा) लांबी वजा करायची असते. 4 इंची लाँग रेडियस (मोठ्या वळणाचा) एल्बो सेंटरपासून तोंडापर्यंत 152 मिमी, तेवढं विसरलं की पाइप लांब होणार आणि जागेवर बसणारच नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामावर. जहाजात जागा इतकी कमी की ड्रॉइंगप्रमाणे सगळं जमतंच असं नाही, तेव्हा तिथे जाऊन जाड तार वाकवून माप घेतात आणि त्या तारेवरून पाइप वाकवतात. तिथल्या ज्या जुन्या फिटर काकांच्या हाताखाली मी होते ते नजरेनेच सांगायचे, बेटा तार अजून थोडी उघड. आणि ते बरोबर निघायचं, प्रत्येक वेळी, कसं काय ते मला अजून कळलं नाही. फ्लँजची (पाइपच्या टोकाच्या जोडायच्या चकतीची) भोकं जुळली आणि बोल्ट हाताने आत गेला की जेवायला जायचं पण सुचत नसे.

शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट द्यायची, पास झालं की एनएसी (नॅशनल ॲप्रेंटिसशिप सर्टिफिकेट) मिळतं. ते सर्टिफिकेट दुसऱ्या कंपन्यांत पण चालतं, मी आता एका खाजगी कंपनीत फॅब्रिकेशनला आहे आणि 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसतेय. कुणाला भरायचा असेल तर जाहिरातीत वय कुठल्या तारखेला मोजतात ते आधी बघा, आमच्यातली एक मैत्रीण तेवढ्यावरूनच बाहेर गेली.