खाऱ्या हवेतला घडीचा चाकू: स्टीलची निवड कुठवर आली

आंब्याचा हंगाम आणि अर्धा पावसाळा तीन चाकू आलटूनपालटून खिशात वागवले आणि रोजच्या वापरासाठी स्टील ठरवलं: १४सी२८एन, म्हणजे चाकूंसाठीचं एक स्टेनलेस स्टील. मी रत्नागिरीत राहतो, समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि निवड करताना याच गोष्टीने सगळ्यात जास्त वजन खाल्लं. नागपूरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्याने हाच चाकू घ्यावा असं मी म्हणणार नाही.

पहिला चाकू साध्या कार्बन स्टीलचा, लाकडी मुठीचा. दुसरा डी-२ या टूल स्टीलचा. तिसरा १४सी२८एन. सुरुवातीलाच तिन्ही पाती एकाच जिगवर (कोन पक्का धरणाऱ्या साच्यावर) लावून दोन्ही बाजूंनी १७ अंशांची धार करून घेतली. कंपनीतून आलेल्या धारेवर तुलना करू नका. प्रत्येकीचा कोन वेगळा असतो, आणि मग स्टीलचा फरक समजून आपण कोनाचाच फरक मोजत बसतो.

कामं नेहमीचीच. पुठ्ठ्याचे खोके, पॅकिंगच्या प्लॅस्टिक पट्ट्या, सुतळी, काथ्या, आढीसाठी आणलेल्या भाताच्या पेंढ्याचे बिंडे. पेंढा दिसायला मऊ, पण त्यात सिलिका भरपूर असते. धार घासून काढायला त्याच्यासारखं दुसरं काही घरात मिळत नाही. शिवाय कैरी, लिंबू आणि अधूनमधून फणस.

डी-२ ची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. पुण्याजवळच्या भोसरीच्या टूलरूममध्ये काम केलेले लोक याला एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) म्हणून ओळखतात. प्रेसच्या डाय याच्याच होतात. कार्बन साधारण दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. या दोघांचे मिळून टणक, जाड कार्बाइड, म्हणजे स्टीलमधले कडक कण, तयार होतात आणि घासून होणारी झीज ते अडवतात. पुठ्ठा आणि पेंढा कापण्यात डी-२ उघड उघड पुढे होतं. दिवसभर खोके कापून संध्याकाळी वर्तमानपत्राची पट्टी सोलली तरी कागद सरळ कापला जायचा. १४सी२८एन ला तोवर चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायची गरज पडलेली असायची.

मग लिंबाची पाळी. तिन्ही पात्यांनी लिंबू कापलं, न पुसता रात्रभर खिडकीत ठेवलं. सकाळी डी-२ चं पातं वरवर स्वच्छ दिसत होतं. दहापट भिंगाखाली धरलं तर धारेच्या चकचकीत पट्टीवर, अगदी टोकाशी, तांबूस ठिपक्यांची रांग. कागदाला लावलं की दोन बोटं जाऊन अडकायचं. पट्ट्यावर फिरवून ठिपके गेले, पण त्यांच्या जागी बारीक खड्डे राहिले आणि शेवटी दगडच काढावा लागला. म्हणजे रात्रभरात काहीही न कापता धार गेली. १४सी२८एन जसंच्या तसं होतं. कार्बन स्टील काळंनिळं पडलं होतं आणि टोकाशी गंज होताच.

माझं म्हणणं एवढंच आहे: किनाऱ्यावर खिशातल्या चाकूची धार जितकी कापण्याने जाते, त्याहून जास्त नुसती पडून राहिल्याने जाते. घामाने भिजलेला खिसा, खारा वारा, कैरीचा रस. झीज सोसण्याचे आकडे पाहून स्टील निवडलं तर या हवेत त्या गुणाचा उपयोग निम्माही होत नाही.

१२ टक्के क्रोमियम असून डी-२ गंजतं कसं? गंज अडवतं ते लोखंडात विरघळलेलं, मोकळं क्रोमियम. डी-२ मध्ये कार्बन इतका आहे की क्रोमियमचा मोठा हिस्सा कार्बाइडमध्ये अडकून पडतो. १४सी२८एन मध्ये क्रोमियम १४ टक्के आणि कार्बन फक्त ०.६२, त्यामुळे बहुतेक क्रोमियम मोकळं राहतं, वर ०.११ टक्के नायट्रोजन आहे, तो टणकपणाही देतो आणि गंजाला अडवायलाही मदत करतो. हेच तत्त्व धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी २०२१ मध्ये आणलेल्या मॅग्नाकट या चाकूच्या स्टीलमध्ये फार सुंदर दिसतं. त्यात क्रोमियम जेमतेम १०.७ टक्के, म्हणजे डी-२ पेक्षा कमी, तरी ते गंजाला डी-२ पेक्षा कितीतरी कमी दाद देतं. कारण कार्बाइड करायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियमकडे दिलं आहे आणि क्रोमियम मोकळं सोडलं आहे. कागदावर क्रोमियमचा आकडा एकटा वाचू नये, शेजारचा कार्बनही वाचावा, हे मला इथेच नीट उमगलं.

मग मॅग्नाकटच का नाही? किंमत हे एक कारण. दुसरं, धार लावणं. व्हॅनेडियम कार्बाइड अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा टणक असतात, त्यामुळे धार चांगली हवी तर डायमंड प्लेट लागते. १४सी२८एन हार्डवेअरच्या दुकानातल्या कार्बोरंडमच्या दगडावरही पटकन येतं. बर (धार लावताना टोकाशी उठणारी धातूची बारीक कड) चटकन उठते आणि तितकीच चटकन सुटते. डी-२ ची बर लोंबकळत राहते, पट्ट्यावर कितीही फिरवा. मला धार लावायला मनापासून आवडतं, आणि जे स्टील हाताला लगेच उत्तर देतं त्यावर जीव बसतो.

कार्बनचा चाकू मात्र मी टाकून देणार नाही. त्याची धार तिघांत सगळ्यात मऊसूत लागते, कैरीच्या चकत्या त्यानेच कराव्यात. लगेच धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की तो टिकतो. पण जूनपासून त्याची लाकडी मूठ फुगली आहे आणि पातं उघडायला नख पुरत नाही, त्यामुळे खिशातून त्याची सुट्टी.

घेणाऱ्यांना एक सांगणं. स्टीलचं नाव तेच असलं तरी पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून विझवून कडक कसं केलंय, यावर निम्मा खेळ आहे. कमानपाट्याचा कोयता करणारा आमच्याकडचा लोहार गिऱ्हाइकाला पाटा कुठल्या गाडीचा ते सांगत नाही, पाणी कसं चढलंय ते दाखवतो. १४सी२८एन चांगलं तापवून विझवलं तर ५८ ते ६० एचआरसीला (कडकपणाचं रॉकवेल माप) आरामात बसतं. माहितीपत्रकात कडकपणाचा आकडाच दिला नसेल तर विकणाऱ्याला विचारा. धारेच्या मागची जाडीही कॅलिपरने मोजा. माझ्या डी-२ ची ०.७ मिलिमीटर भरली, १४सी२८एन ची ०.४. गाजर उभं चिरताना हा फरक स्टीलच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो.

आता १४सी२८एन ची धार १७ वरून १५ अंशांवर उतरवतोय. बारीक कार्बाइडचं चिवट स्टील आहे, इतका पातळ कोन सोसायला हवं. प्लॅस्टिक पट्ट्या कापून टोक वळतंय की दाते पडतायत ते भिंगाखाली बघून पुढच्या नोंदीत लिहितो. डी-२ चा चाकू पुण्याच्या भावाला दिलाय. तो गोदामात दिवसभर खोके फोडतो, तिथे त्याचं चीज होईल.